बाबांसाठी बुटका झेंडू

डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं, त्याच संध्याकाळी मी बुटक्या झेंडूच्या बियांचं पाकीट आणलं. बाबा आयुष्यभर गिरणीत राबलेले. आता लालबागच्या आमच्या चाळीत दाराशी खाटेवर पडून होते. "काय तरी उगवताना बघूचा हा," एवढंच मागितलं त्यांनी. पाकिटावर लिहिलं होतं, फुलायला दोन महिने. डॉक्टरांनी त्याहून कमी सांगितलं होतं. (गणित माझं शाळेपासून कच्चं!)

गॅलरीच्या कठड्यालगत कुंड्यांची रांग लावली. पहिल्या बिया कबुतरांनी खाल्ल्या. दुसऱ्या खेपेला मी इरेला पेटलो आणि बिया चांगल्या दोन पेरं खोल ढकलल्या. खाटेवरून आवाज आला, "झिला, बिया पेरतंस की पुरतंस?"

मग बाबांनी सांगितलं तशी वरून नुसती माती भुरभुरली, आईचं जुनं लुगडं झाकलं, आणि रोपं आली! बाबा कुशीवर वळून बघत राहायचे. "फुला इली?" रोज तोच प्रश्न. रोपं जेमतेम बोटभर. बाबांचं खाणं मात्र चमच्यावर आलेलं.

मी घाबरलो. पहाटे दादरच्या फुलबाजारातून गोंडे आणले आणि बायकोला म्हटलं, "सुजाता, दोरा आण!"

"अहो, वेड लागलंय का?" म्हणत तीही बांधायला बसली. बटाटेवड्याएवढं एकेक फूल, खाली बोटभर रोप! आम्ही हात काढले आणि अख्खी रांग एकापाठोपाठ एक आडवी झाली.

बाबा बघत होते. कधीपासून, कोण जाणे.

"एका रात्रीत इली?"

"हो बाबा... जात चांगली आहे."

ते हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू! आई धावत आली. "मारतंस काय त्येंका?"

"माझ्यासारखीच आडवी झाली गो!" बाबा धापा टाकत तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "दोरे सोड. जगतली ती."

ती जगली. बाबा त्याच आठवड्यात गेले.

फुलं आली तेव्हा नातेवाइकांची गर्दीही ओसरली होती. वीतभर झाडांवर लहानशी, केशरी, स्वतःची फुलं. मी झारी घेऊन कुंड्यांवर वाकलो आणि पोरासारखं भोकाड पसरलं. शेजारची दारं उघडली. आईने स्वतःच्या डोळ्यांना पदर लावला, मग माझ्या हातातली झारी काढून घेतली.

"बाजूक होवन रड," ती म्हणाली. "खारा पाणी झाडांक चलना नाय!"