काकूंचं स्वस्तातलं जहाज

चौबे कॉलनीत आमच्या समोर राहणाऱ्या काकू बेल वाजवतात आणि दार उघडायच्या आतच बोलायला लागतात. अर्धं वाक्य दाराबाहेर, अर्धं सोफ्यावर. माझे यजमान गेल्यापासून मी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. तेव्हाही त्या अशाच आल्या.

"मुंबईहून गोव्याचं जहाज बुक करून राहिले मी. तुलेही धरलं त्यात."

"काकू, मला नको."

"काहून नको? जुनं जहाज आहे, लहानसं, म्हणून स्वस्तात मिळून राहिलं. मोठ्या जहाजात माणूस हरवते. हे म्हणजे आपला पाराच, आपला मोहल्लाच समज!"

शेवटी त्यांनी मला नेलंच, आणि जहाज खरंच तसं निघालं. कठड्यांवर रंगावर रंग चढवलेला, खोलीत दोघी एकदम उभ्या राहू शकत नव्हतो. पण दुसऱ्या सकाळपर्यंत जेवणघरातले सगळे काकूंना "दीदी" म्हणायला लागले होते. कोणी एकटं जेवताना दिसलं की त्या आपलं ताट उचलून त्याच्यासमोर जाऊन बसायच्या. कितीतरी महिन्यांनी मीही पोटभर जेवले.

संध्याकाळी त्यांनी मला डेकवर ओढत नेलं. जहाज डुलत होतं. मी कठड्यावरून वाकून खालचा फेस बघत होते, हसतही होते. काकू मात्र कठड्यापासून मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला, तेव्हा त्यांचा तळहात घामानं ओला लागला.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"मले पाण्याचं भेव वाटते, लहानपणापासून," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "पण तू एकटी थोडीच आली असती, पोट्टी? तू बघ. मी उभी आहे."