टाकलेल्यातला वाल

मी हट्टी आहे, हे आमच्या गडब गावात कुणालाही विचारा. मुंबईच्या प्रयोगशाळेतही तेच. तिथं मी पीएच.डी. करत होते, काम लेझरचं. युरेनियमसारख्या जड अणूत इलेक्ट्रॉनांना बसायला ठरलेल्या पायऱ्या असतात. लेझरचा रंग केसभरही न चुकता जुळला, तरच ते वरच्या पायरीवर उडी मारतात आणि आलेखावर टोक येतं. मला कुणाच्याच यादीत नसलेली एक पायरी हवी होती. माझा प्रबंध तिच्यावाचून अडला होता.

दिवाळीआधी एक टोक मिळालं, चांगलं उंच. शेजारच्या टेबलावरची रोह्याची मुलगी म्हणाली, "मला एकदा उलट्या बाजूनं मोजू दे." आमचं दोघींचं कधी पटलंच नाही. "काही गरज नाही," म्हटलं आणि आलेख पिशवीत कोंबून घरी आले.

भात कापून झालं होतं, आई पेरणीसाठी वाल निवडत होती. मीही सूप घेतलं. माझं झाल्यावर तिनं तेच सूप पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं. मला राग आला. "मी निवडलंय ना?"

"म्हणून तर. आपण निवडलेलं आपल्याला सगळं चांगलंच दिसतंय गो." तिनं चार किडके काढले. मग म्हणाली, "आता ते टाकलेलं आण." त्यातून एक टपोरा वाल काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवला. जेवणापर्यंत मी टाकलेलंच पुन्हा निवडत बसले.

सुट्टी संपल्यावर रोहेकरणीला म्हटलं, बाई, सगळं तू मोज, मी टाकून दिलेलंसुद्धा. कुठं काय दिसलं होतं ते सांगितलं नाही. तिनं लेझरचा रंग उलट दिशेनं सरकवत नेला. माझं उंच टोक गायब. लेझरच तिथं अडखळत होता, अणूचा काही संबंध नव्हता. पण मी कचरा म्हणून सोडलेलं एक बारकं टोक दोन्ही बाजूंनी जागच्या जागी आलं. पुन्हा पुन्हा मोजलं, हललं नाही. ती पायरी कुठल्याच यादीत नव्हती.

जानेवारीत त्याच वालाला शेंगा धरल्या. एका शनिवारी संध्याकाळी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि त्या शेंगा भरून जाळावर पोपटी लावली, तेव्हा आईला सगळं सांगितलं. पायरीचं तिला फारसं पडलं नव्हतं. "टाकलेल्यातलं निवडलं कोणी?"

"रोह्याच्या मुलीनं."

"मग तिचं नाव लावलंस का नाय?"

शोधनिबंधाच्या मसुद्यावर माझं आणि माझ्या मार्गदर्शक सरांचं नाव होतं. तिचं शेवटी, आभारात. मला लाज वाटली. ती शनिवार-रविवार रोह्यालाच असते. फोन लावला. "पोपटी लावलीय, ये. आणि तुझं नाव इंग्रजीत कसं लिहितेस ते सांग, माझ्या नावाशेजारी लिहायचंय."

"आभारात आहे ना ते?"

"टाकलेल्यात गेलं होतं," मी म्हटलं.

ती तासाभरात आली. आईनं शेंगांची पहिली ओंजळ तिला दिली. मी हात पुढं केला, तर आई म्हणाली, "तू थांब जरा."