क्लीन होतं, स्टराइल नव्हतं

पेशंट टेबलावर होता, भूल द्यायची बाकी होती, आणि मी ड्रमकडे बघत उभी होते. मला काहीतरी खटकत होतं.

कल्याणच्या एका लहान हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर होते. पेशंट जवळच्याच मोहने गावचा रिक्षावाला. मांडीच्या हाडात रॉड टाकायचा होता. तिथे इन्फेक्शन शिरलं तर पाय गमवायची पाळी येते.

ड्रम म्हणजे गाऊन, चादरी, गॉज ठेवायचा स्टीलचा डबा. तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या कुकरसारख्या मशीनमध्ये, वाफेवर ठेवतात. डब्याच्या अंगाला भोकं असतात, त्यांवर सरकती पट्टी. आत ठेवताना भोकं उघडी, बाहेर काढल्यावर बंद. वरून लावलेल्या टेपवर उष्णतेने काळे पट्टे उमटतात.

पट्टे छान काळे होते. पण टेप भोकांच्या बंद पट्टीवरूनच चिकटवलेली, आणि कुठेही फाटलेली नाही. म्हणजे मशीनमध्येही भोकं बंदच होती. मग वाफ आत गेली कुठून?

सर्जन घोडबंदरला दुसरी केस लावून आलेले. टेप काळी आहे, कपडे स्वच्छ आहेत, उगाच कशाला खोळंबा, असं त्यांचं म्हणणं. ड्रम भरणाऱ्या नव्या मावशींशी माझं वाजलंय, म्हणून मी हे काढतेय, असाही त्यांना संशय.

"सिस्टर, उघडलात आणि सगळं बरोबर निघालं तर? दुसरा ड्रम तयार नाही."

"तर चूक माझी, सर. पण हा ड्रम असाच मी पेशंटजवळ नेणार नाही."

उघडला. कपड्यांच्या मधोमध ठेवलेली तपासणीची पट्टी वाफ लागली की रंग बदलते. ती कोरीच्या कोरी होती. सरांनी बाहेर जाऊन घोडबंदरची केस पुढे ढकलली.

मावशींनी कामचुकारपणा केला, अशी माझी खात्रीच होती. मी चांगलीच तापले होते. त्या म्हणाल्या, "भोकं उघडी ठेवली तर धूळ नाही का जाणार आत? म्हणून मीच घट्ट बंद केली." माझा राग तिथेच विरला. बाईंनी कपडे जपले होते, आणि त्या जपण्यातच घात झाला होता. क्लीन म्हणजे घाण नाही. स्टराइल म्हणजे एकही जंतू जिवंत नाही. पहिलं डोळ्यांना दिसतं, दुसरं दिसत नाही.

ड्रम पुन्हा लावला. ऑपरेशन दुपारी झालं. जखम कोरडी भरली, पाय वाचला.

डिस्चार्जच्या वेळी पेशंटची बायको मला ऐकवून गेली, "तुमच्यामुळे आमचा माणूस दुपारपर्यंत उपाशी ताटकळला."

मी हो म्हटलं. जे झालंच नाही, ते तिला कुठून दाखवणार?