आप्पांचं घडीचं पोस्टर

जुनं सिनेमाचं पोस्टर म्हणून कुणी गुळगुळीत गुंडाळी उलगडून दाखवली, की माझं टाळकं सटकतं. चहाच्या पाण्यात कडा बुडवून पिवळ्या करायच्या, नळकांड्यात घालायचं आणि पुण्याच्या एखाद्या शहाण्याला ‘ओरिजिनल’ म्हणून विकायचं! तोही चष्मा वर करून म्हणतो, “वा, एक घडी नाही!” अरे बाबा, घडी नाही म्हणूनच संशय घे की. आमच्या भागात पोस्टरं घडी घालूनच यायची. सिनेमाच्या रिळांच्या पेटीबरोबर, एस्टीच्या टपावरून. आधी निपाणी, मग चिकोडी, मग सदलगा. नळकांडं कोण सांभाळणार होतं, ह्यांचा आजा?

पण मी तरी कुठला मोठा जाणकार! हे शहाणपण मला आलं ते वेळ गेल्यावर, आणि तेही आप्पांच्या जिवावर.

आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीच्या एका टॉकीजमध्ये पोस्टरं लावायचे. खळीची बादली, कुंचा आणि सायकल. भिंतीवरचं पोस्टर आठवडाभर टिकलं तर नशीब. त्यावर दुसरं चढायचं, नाहीतर खळीच्या वासानं गाय यायची आणि फाडून खायची. शोकेसमधलं पोस्टर तेवढं पेटीबरोबर पुढच्या गावाला जायचं, आणि पेटी पोचवायला आप्पाच जायचे. टॉकीज बंद पडली तेव्हा त्यांनी असलं एकच पोस्टर घरी आणलं. घड्यांत तंबाखूचा चुरा, कसर लागू नये म्हणून. मागं टॉकीजचा शिक्का, आणि त्याखाली पेन्सिलीनं आप्पांनी लिहिलेली, पोस्टर फिरलेल्या गावांची नावं. दुसरीत शाळा सोडलेल्या माणसाचं आयुष्यातलं तेवढंच लिखाण.

मध्यंतरी बेळगावात जुन्या पोस्टरांचं प्रदर्शन भरलं. आप्पा म्हणाले, “माझं एक तरी भिंतीवर ऱ्हाऊ दे रं. न फाडता.”

मी बेळगावात कचेरीत नोकरीला. कडक इस्त्रीची पँट घालणारा. मला त्या घड्यांची लाज वाटली! असलं चुरगाळलेलं चार लोकांत कसं द्यायचं? आधी तंबाखू झटकून टाकली. मग गेलो फ्लेक्सवाल्याकडे. त्यानं पोस्टर फ्लेक्सवर पक्कं चिकटवलं आणि वरून चकचकीत लॅमिनेशन मारलं. घडी औषधाला शिल्लक नाही. गुंडाळी काखेत मारून मी निघालो, अक्कल नुसती उतू चालली होती.

प्रदर्शनाला आप्पा निपाणीहून धुतलेलं धोतर नेसून आलते. पोस्टरं पारखणाऱ्या बाईंनी गुंडाळी उलगडली, बोट फिरवलं, वास घेतला, पालथी करून बघितली. मागं पांढरंफेक फ्लेक्स.

“काका, हे नवीन छापलेलं आहे,” त्या आप्पांना म्हणाल्या. “जुनं असतं तर घड्या असत्या.”

“आतलं जुनं आहे हो,” मी म्हणालो. “मागं शिक्का आहे.”

“दाखवा की.”

काय दाखवणार, कपाळ?

आप्पा पुढं झाले. प्लास्टिकवर बोट ठेवून सांगायला लागले, “हितनं आडवी घडी हुती बाई. हितनं उभी. वास बी हुता तंबाखूचा.” बाई मान डोलवत ऐकून घेत होत्या, म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून. जन्मभर खरं वागलेला माणूस लबाड ठरत होता, आणि ते त्याच्या शिकलेल्या लेकामुळं. भिंतीवर जागा मिळाली नाही. बाईंचं काही चुकलं नव्हतं. मीच गाढव.

निपाणीच्या एस्टीत आप्पांनी पोस्टर मांडीवर घेतलं आणि जुन्या सवयीनं घडी घालायला लागले. घडी बसेना. हात काढला की फ्लेक्स परत उघडायचं. तीन-चारदा झाल्यावर त्यांनी नाद सोडला.

“माझं अक्षर हाय न्हवं रं आत?”

“हाय की आप्पा,” मी म्हणालो. बघायचं तर फाडावं लागेल, हे सांगायला मला तोंड होतं कुठं?