नणंदेच्या गावात लॉज

नणंद नागपुरात राहत असताना आपण नागपुरात लॉजवर उतरायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. नवरा चपला शोधायला लागला, आणि त्या त्याच्या पायातच होत्या.

ही बासष्टच्या आसपासची गोष्ट. आम्ही घाटंजीला राहत होतो. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, मी मुलींच्या शाळेत शिवणाची बाई, पण तात्पुरती. कायम व्हायचं तर शिवणशिक्षिकेची परीक्षा पास व्हावी लागे, आणि ती परीक्षा नागपूरलाच, चार दिवसांची. एकदा मी नापास झाले होते. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं की आणखी एकदा बसा, नाही जमलं तर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल. त्या चांगल्या होत्या, म्हणून आधी तरी सांगितलं.

नापास का झाले, तेही सांगते. पहिल्या वेळी मी रीतीप्रमाणे नणंदेकडे उतरले होते. तिचं घर महाल भागात. दारात पाऊल ठेवल्यावर तिने माझ्याआधी माझ्या बोचक्याकडे पाहिलं. तूरडाळ किती, तूप किती, शेवयांसारखे सरगुंडे आणलेत की नाही, हे पाहून झाल्यावर मग "बरी आहेस ना?" विचारलं. तिचे यजमान सचिवालयात होते. छप्पन साली नागपूरची राजधानी गेली, निम्मं ऑफिस मुंबईला गेलं, यांच्या हाताखालचे चपराशीही गेले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती अजून राजधानीतच राहत होती.

कापडकटाईच्या आदल्या दिवशी तिने यजमानांच्या ऑफिसातल्या मित्रांना जेवायला बोलावलं. कारण काय, तर वहिनी आली आहे आणि वहिनीच्या हातची पुरणपोळी चांगली असते. मी पुरण वाटलं, मी पोळ्या लाटल्या, मीच ताटं घासली. तिच्या सासूचे पाय चेपायलाही मलाच बसवलं. दुसऱ्या दिवशी परीक्षेत पोलकं कापायचं होतं. बाहीचा मुंडा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, पुढून खोल असतो आणि मागून उथळ, म्हणून दोन्ही बाह्या कापड समोरासमोर ठेवून कापतात. हे मी मुलींना रोज शिकवत होते. त्या दिवशी माझे डोळे मिटत होते. मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. परीक्षक बाईंनी त्या उचलून वर्गाला दाखवल्या.

निकाल लागल्यावर नणंद आमच्याकडे आली होती. चहा पिता पिता म्हणाली, "नापास व्हायले इतक्या दूर कायले आलती माय? घाटंजीतच झाली असती." सासूबाई हसल्या. नवऱ्यानेही थोडं हसून घेतलं. ते हसू मी विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

म्हणून लॉज. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. "लॉजात कोन राह्यते? नाटकवाले, नाई तं पळून आलेले. पोरीचं घर असतानी भाऊ लॉजात उतरला तं तिच्या सासरी ती काय तोंड दाखवीन?"

"मग मी काय तोंड दाखवू शाळेत?" मी विचारलं. त्यावर त्या सूप घेऊन पुन्हा पाखडायला लागल्या. उत्तर नसलं की आमच्या घरात धान्य फार स्वच्छ होई.

नवऱ्याची अडचण वेगळी होती. मॅट्रिकसाठी तो दोन वर्षं बहिणीच्या घरी राहिला होता. तिने त्याला जेवू घातलं होतं, आणि ते ती वर्षातून दोनदा बोलून दाखवी. तिला कशालाही नाही म्हणणं त्याला जमत नसे. तो मला म्हणाला, "आपन असं करू. परीक्षावाल्यायनंच तिथं राह्याले सांगतलं, असं सांगू." मी म्हटलं, "खोटं तुमी बोलसान. मी नाई बोलत. मी तिच्याकडे राहनार नाई, एवढं खरं आहे ते मी सांगीन." मग तो म्हणाला, काहीच सांगू नये. गुपचूप जावं, गुपचूप यावं. हे मात्र मला पटलं.

पण नागपुरातल्या लॉजची माहिती घाटंजीत कुणाला असणार? एक कापसाचा दलाल होता, तो दर पंधरवड्याला नागपूरला जाई. नवरा त्याला घरी घेऊन आला. दलाल आमच्या बाजेवर मांडी घालून बसला आणि नागपूर आपण वसवल्यासारखा बोलू लागला. "धर्मशाळा फुकट आहे, पन तिथं ढेकनंच मालक. ठेसनाजवळचं मोठं हाटेल, ते सायबायचं. तुमच्यासारख्याले मधलं पाह्यजे. बर्डीच्या बजारात एक आहे. फॅमिलीले देतेत. पन खोली रस्त्याकडची घेजा. मांगच्या खोल्यायखाली भट्टी राह्यते, मान्सं भाजून निंघतेत."

मी एकेक गोष्ट विचारून घेतली. नळ खोलीत आहे का, कडी आतून लागते का, परीक्षेची शाळा तिथून पायी किती लांब, टेबल मिळतं का. टेबलावर तो अडला. "टेबल कायले?" म्हणाला. "कापड कापायले," मी म्हटलं. तो नवऱ्याकडे पाहून हसला, जसं काही बायकोने हत्ती मागितला होता. जाताना त्याने शपथ घेतली की ही गोष्ट या कानाची त्या कानाला कळणार नाही.

लॉजला जोडकार्ड पाठवलं, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं. उत्तर आलं ते मी दिवसातून कितीदा तरी वाचत होते. फॅमिलीकरिता खोली मिळेल, पलंग दोन, वर पंखा, नळ खोलीत, टेबल मागितल्यास देऊ. आणि शेवटी, भेटीस येणाऱ्या मंडळींनी रात्री दहानंतर खोलीत थांबू नये. या शेवटच्या ओळीवर माझा फार जीव जडला. इतकी वर्षं मला जे म्हणता आलं नव्हतं ते त्या अनोळखी मॅनेजरने स्वच्छ अक्षरात म्हटलं होतं. नणंदेला पत्ता लागलाच तर ती येईल, बसेल, बोलेल, पण दहा वाजता तिला उठावंच लागेल, असा माझा हिशेब होता.

महिनाभर मी तयारी केली. जुन्या पेपरांच्या बाह्या कापल्या, डाव्या-उजव्या, डाव्या-उजव्या, इतक्या की घर बाह्यांनी भरलं. सासूबाई त्या बाह्यांनी चूल पेटवीत. निघायच्या आधी बोचकं बांधायला लागल्या तर मी डाळ काढून ठेवली. "लॉजात डाळ नाई लागत," मी म्हटलं. "पाहू," त्या म्हणाल्या. त्यांच्या त्या एका शब्दात काहीतरी होतं, पण मला बसची घाई होती.

आम्ही यवतमाळला बस बदलली आणि दुपारी नागपूरला पोचलो. बर्डीवर लॉज सापडला, पाटी दलालाने सांगितली होती तशीच, जिनाही तसाच. आत गेलो, तर मॅनेजरच्या टेबलाजवळच्या बाकावर नणंद बसली होती. शेजारी तिची वळकटी, मांडीवर जेवणाचा डबा.

दलाल त्या महिन्यात नागपूरला गेला होता. आठवणीने तिच्या घरी जाऊन जेवला होता, आणि जेवणाच्या मोबदल्यात आम्हाला विकून आला होता. नणंद इथे येणार हे सासूबाईंनाही ठाऊक होतं. हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं, कारण नणंदेनेच पहिल्या दमात सांगून टाकलं. मग म्हणाली, "चाला घरी."

नवरा भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर वाचायला लागला. मी म्हटलं, "अक्का, मी येत नाई. मले परीक्षा द्याची आहे."

"माह्या घरी परीक्षा देता येत नाई?"

"नाई. मांगच्या खेपी दिली ना. दोनी बाह्या उजव्या झाल्या."

मॅनेजर कान टवकारून ऐकत होता. नणंदेचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता ही रडेल किंवा शिव्या देईल, दोन्हीला मी तयार होते. तिने वळकटी काखेत मारली आणि म्हणाली, "मंग मीबी इथंच राह्यतो. लोकायनं म्हनलं नाई पाह्यजे का बहिनीनं भावाले रस्त्यावर टाकलं."

मी मॅनेजरकडे पाहिलं. माझ्याकडे कार्ड होतं, ते मी पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरलं. "भेटीला आलेल्यांनी दहानंतर थांबायचं नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

"सख्खी बहीन भेटीले येते का?" नणंद त्याला म्हणाली. "बहीन तं फॅमिलीच आहे ना?"

मॅनेजरने दोन बायकांकडे पाहिलं, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि जी बाई जास्त जाड होती तिच्या बाजूने निकाल दिला. फॅमिली म्हटल्यावर चालतं, म्हणाला.

खोली रस्त्याकडची होती, पंखा होता, टेबलही दिलं होतं. सगळं मी ठरवलं तसं, फक्त पंख्याखालच्या पलंगावर नणंद. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. दुसरा पलंग मला आला, नवऱ्याला गॅलरीत सतरंजी. मला इतका राग आला होता की टेबलावर कागद पसरला तरी कात्री धरवेना. आता ही पाय चेपायला सांगेल, आता हिला चहा लागेल, आता हिची कंबर धरेल, अशी मी वाट पाहत बसले. सांगितलं असतं तर मी कात्री फेकली असती, आणि तेच बरं झालं असतं.

जेवण वर आलं. वाढप्याने तिच्यापुढे ताट ठेवलं तेव्हा ती जरा मागे सरकली, जसं ते दुसऱ्या कुणाचं असावं. मग भाजीला नावं ठेवली. वरणात तेलाचा थेंब नाही, पोळी कच्ची, वडाभात तं यायले ठाऊकच नाई. नावं ठेवत ठेवत तिने दोनदा भात मागवला. जेवून झाल्यावर सवयीने ताट उचलून नळाशी निघाली, तर वाढपी म्हणाला, "राहू द्या बाई." ती तशीच ताट हातात घेऊन उभी राहिली. शेवटी त्यानेच ते काढून घेतलं.

मग ती पलंगावर आडवी झाली आणि झोपली. दिवे लागले तरी उठली नाही. मी जुन्या पेपराच्या बाह्या कापल्या, एक डावी, एक उजवी. खोलीत पंख्याचा आणि तिच्या घोरण्याचा आवाज. मला त्या घोरण्याचाही राग आला, पण हात स्थिर झाला होता.

चारही दिवस तेच. मी परीक्षेला जाई तेव्हा ती झोपलेली, परत येई तेव्हा गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसलेली. मला एक शब्द विचारला नाही तिने, पेपर कसा गेला म्हणून. दुसऱ्या दिवशी तिचे यजमान खाली रस्त्यावर येऊन उभे राहिले. घरी सासूचे पाय दुखताहेत, दीर जेवायचे खोळंबलेत, पोरं मागे लागलीत. ती गॅलरीतूनच खाली बोलली, "वहिनीची परीक्षा आहे. मले हालता येत नाई."

माझी परीक्षा! मी टेबलाशी बसून ऐकत होते. मागच्या वर्षी याच परीक्षेला हिने पुरणपोळ्यांत बुडवलं होतं. ते बिचारे आल्या पावली परत गेले. ती खुर्चीत जास्तच पसरून बसली.

मी पास झाले. कायम झाले. निकाल कळल्यावर सासूबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली, आणि नणंदेने नागपुरात सगळ्यांना सांगितलं की "मी संगं होती म्हनून वहिनी पास झाली". हे ऐकून मी दोन दिवस भांडी आपटत होते. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, तुयं काम झालं ना." ज्याचं काम कधीच अडत नाही तो हे म्हणू शकतो.

नंतर ती आखाडात माहेरी आली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. ती येऊन पाटावर बसली, सासूबाई बाहेर गेल्याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "याच्यावरची एखांदी परीक्षा असन ना तुयी?"

वरची परीक्षा होती. ती मला द्यायचीही होती. लपवून काय उपयोग, दलाल जिवंत होताच. मी तिच्याकडे न पाहता म्हटलं, "आहे पुढच्या सालात. पन आता मी एकटी जाईन. एका पलंगाची खोली घेईन."

मला वाटलं होतं, हे लागेल. लागावं म्हणूनच बोलले होते.

"चालते," ती म्हणाली. "मी खाली निजीन." आणि माझ्यापुढची परात ओढून घेऊन ती कणीक मळायला लागली.