जानकीबाईंचे करडे बूट

जानकीबाईंचा उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. कानडी मुलखातल्या चामराजपुरममध्ये कितीतरी बायकांची पोलकी त्यांच्या हातची. साठी उलटल्यावर रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण चपला घालून नाही. पायाला जखम होता कामा नये. सून दीपश्रीनं त्याच संध्याकाळी करडे बूट आणले. आयुष्यातले पहिले बूट! जानकीबाई लाजल्या, पण मनातून सुखावल्याही.

दुसऱ्या दिवशी बागेत एक फेरी होईतो उजव्या पायात कळा यायला लागल्या. पावलाच्या वरच्या बाजूला त्यांचं हाड जरा उंच होतं आणि बुटाची नाडी नेमकी त्यावरच करकचून बसायची. सैल केली तर टाच निसटायची. सुनेनं इतक्या हौसेनं आणलेले, तिला कसं सांगायचं? मग त्या घरून बूट घालून निघायच्या आणि बागेत बाकावर बसून जुन्या चपला चढवायच्या.

एका सकाळी दीपश्री दूध घेऊन तिथूनच येत होती. समोर सासूबाई, पायात चपला, हातातल्या पिशवीतून बूट डोकावताहेत.

"अत्ते, हे काय?"

"अय्यो, काही नाही गं. पाय गरम होतात म्हणून..."

"निजा सांगा. खरं काय ते."

जानकीबाई बाकावर टेकल्या. "दुखतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"आणि चपलांनी पायाला फोड आला असता तर मला बरं वाटलं असतं?" दीपश्रीचा आवाज चढला. मग ती तिथंच खाली बसली आणि तिनं सासूचं पाऊल मांडीवर घेतलं.

"बेडा, बेडा! नको गं, लोक बघतात."

"बघू देत. कुठं दुखतं?"

जानकीबाईंनी बोट ठेवलं. दीपश्रीनं बूट चढवून नाडी तिथपर्यंत सोडवली. "कॉलेजात एनसीसीत होते ना, माझ्या मैत्रिणीचं असंच व्हायचं." हाडावर तिनं नाडीची फुली येऊच दिली नाही. दोन्ही टोकं आपापल्या बाजूनं सरळ वरच्या भोकात नेली, तिथून पुढे नेहमीसारखी ओवली आणि घट्ट गाठ मारली.

"आता उभ्या राहा."

टाच बसली होती, हाड मोकळं होतं. जानकीबाई चालू लागल्या, ती कळ आता येईल, मग येईल म्हणत. फेरी संपली तरी ती आली नाही.

"अगं, पोलक्याला काखेत सैल ठेवते मी, तसंच की हे!" त्या हसल्या. "मला कसं सुचलं नाही?"

संध्याकाळी पाय सुजला की बूट अजूनही थोडा आवळतो. मग त्या कुठंही, अगदी विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीवरसुद्धा, निवांत बसून नाडी सैल करतात. भजनाच्या बायका घाई करतात, तेव्हा म्हणतात, "इरी, जरा थांबा. येतेच."