हळद शिजली का?

शिजत्या हळदीचा उग्र वास आला की डोंगरकड्याच्या आमच्या शेतातली ती सकाळ आठवते. अर्धांगवायूनं वडिलांची वाचा गेली होती आणि आम्ही त्यांना खाटेवर नुसतं जपून ठेवलं होतं. रुग्णाला रोजच्या कामात परत आणणाऱ्या थेरपिस्ट ताई त्या सकाळी शेतातल्या घरी आल्या. व्यायाम सांगण्याआधी त्यांनी विचारलं, "हळद शिजली का, हे कोण बघायचं?" आई म्हणाली, "हेच बघत व्हते की." ताईंनी वडिलांची खुर्ची वाफाळत्या कढईपाशी मांडायला लावली आणि त्यांच्या चांगल्या, डाव्या हातात काडी दिली. काका म्हणाले, "दादा, उतरवू का? झाली वाटते." काकांनी समोर धरलेल्या हळकुंडात वडिलांनी काडी टोचली, ती सहज आत जाईना, आणि त्यांनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. "बराबर हाय," म्हणत काकांनी जाळ वाढवला. आजही पहिली काडी वडीलच टोचतात, आणि तोवर आम्ही बोलणारे सगळे कढईभोवती मुकाट उभे असतो.